कागदावर नसलेला कान

आकाराम खोताबद्दल मी आजवर कुठंही एक अक्षर लिहिलेलं नाही. बोललोही नाही. कारखान्यातली जुनी मंडळी कधी भेटली आणि बोलण्यात ‘मामा’ आला, की मी चहा मागवतो किंवा घड्याळ बघतो. इतकी वर्षं हे जमून गेलं. आता माझं वय मामाच्या तेव्हाच्या वयाच्या बरंच पुढं गेलंय, आणि लिहायला बसलोय ते काही मन मोठं झालं म्हणून नव्हे. गप्प बसणं जड जायला लागलंय, एवढंच.

१९७४ साली सांगलीहून डिप्लोमा घेऊन मी साताऱ्याच्या एका पंपांच्या कारखान्यात लागलो. आमचं घर सांगलीतलं जैन व्यापाऱ्याचं, हळदीच्या पेढीचं. घरात कुणी कधी पान्याला हात लावलेला नव्हता. त्यामुळं मी इंजिनिअर झालो याचं घरी फार कौतुक, आणि मला तर माझं जरा जास्तच. प्लॅनिंग खात्यात टेबल मिळालं, टेबलावर ‘धनपाल चौगुले’ अशी पाटी मिळाली. काम काय, तर एखाद्या भागाचं ड्रॉइंग बघायचं आणि तो आधी कुठल्या मशिनवर जाईल, नंतर कुठल्या, हे ठरवून कागद खाली शॉपमध्ये पाठवायचा.

पहिल्याच आठवड्यात मी एक भाग ड्रिलिंगला पाठवला. अर्ध्या तासात खाकी शर्ट आणि पांढरी टोपी घातलेला एक उंच माणूस तो लोखंडी भाग काखेत मारून माझ्या टेबलाशी आला. त्यानं तो हळूच, एखादं तान्हं पोर ठेवावं तसा, माझ्या कागदांवर ठेवला.

“सायेब, हितं भोक पाडलं तर पंपातलं पानी सरळ तुमच्या टेबलावर यील.”

“ड्रॉइंगवर गोल आहे ना तिथं?” मी म्हणालो.

“गोल हाय. पर गोल दिसला म्हंजी भोकच आसतंय आसं न्हाई. शेजारचं चित्र बगायचं. तितं बाहीर आलंय का आत गेलंय? ह्यो उंचवटा हाय, सायेब. भोक न्हवं.”

माझं तोंड एवढंसं झालं. तो मात्र हसला नाही. ड्रॉइंगवर बोट ठेवून त्यानं मला तो उंचवटा तीन बाजूंनी दाखवला आणि भाग उचलून निघून गेला. फोरमन सयाजी जवळच उभा होता. तो म्हणाला, “आमचा मार्कर हाय. मामा म्हनत्यात समदी.”

मार्कर म्हणजे आखणी करणारा. फाउंड्रीतून ओतीव भाग खडबडीत येतो. त्याच्यावर चुन्याचा हात फिरवायचा, तो सपाट लोखंडी मेजावर ठेवायचा आणि टोकदार आखणीनं रेघा मारायच्या: इथपर्यंत कापा, इथं भोक, इथं खाच. त्या रेघांवर पुढची सगळी मशिनं चालतात. मार्करची रेघ चुकली की पुढं कुणी कितीही शहाणा असो, माल भंगारात. आकाराम हे काम सतरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात शिकून आलेला. शाळा तिसरीपर्यंत. ड्रॉइंगवरचं इंग्रजी त्याला वाचता येत नसे. आकडे येत, आणि आकार येत.

तो मूळचा कवठे महांकाळकडचा. बायको राहीबाई लवकर वारली, मूल नव्हतं. त्याला जगात दोनच माणसं: गावातली धाकटी बहीण साळूबाई आणि तिचा मुलगा गुंडा. साळूबाईचा नवरा गेल्यावर गुंडाला त्यानंच आपल्याकडं आणलं, लेथवर, म्हणजे भाग गरगर फिरवून कापायच्या मशिनवर, उभं केलं. मामा-भाचे साताऱ्याजवळच्या करंज्यात एका खोलीत राहायचे. गुंडा त्याला मामा म्हणे, म्हणून सगळा कारखाना मामा म्हणायला लागला. वर्षभरात मीही म्हणायला लागलो.

१९७५ च्या दिवाळीनंतर मुंबईहून सल्लागार आले. कॉम्प्युटर हा शब्द आम्ही तोवर पेपरातच वाचलेला. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्यात हजारभर निरनिराळे भाग बनतात, पण त्यांतले पुष्कळ दिसायला एकमेकांसारखे असतात. प्रत्येक भाग गोल आहे की चौकोनी, त्याला आरपार भोक आहे का, पायरी आहे का, खाच आहे का, वर्तुळावर भोकं किती, हे बघून त्याला नऊ आकडी नंबर द्यायचा. तो नंबर जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून मुंबईला पाठवायचा. तिथलं मशिन एकसारखे भाग एकत्र काढून देईल आणि कुठला भाग कुठल्या वाटेनं जावा हेही छापून देईल. हे काम माझ्याकडं आलं. नऊ चौकोनांचे छापील फॉर्म आले, एक जाडजूड वही आली, आणि मी एकदम अंगानं दोन इंच वाढलो.

खरं सांगायचं तर ते फॉर्म मी एकट्यानं भरले असते तर मुंबईचं मशिन वेडंच झालं असतं. मी ड्रॉइंगं उचलून मामाच्या मेजाशी जाऊन बसायला लागलो. तो आखणी करता करता बोलायचा, मी लिहून घ्यायचो.

एका झाकणावर पाच भोकं होती. फॉर्मवर ‘वर्तुळावरची भोकं’ असा चौकोन होता, त्यात मी पाच लिहिलं.

“चार ल्ह्या,” मामा म्हणाला. “ही चार भाऊभाऊ हायती. एकाच मापाची, एकाच वर्तुळावर. पाचवा पावना हाय.”

“तोही त्याच वर्तुळावर आहे की.”

“आसंना का. पंगतीत बसला म्हून पावना भाऊ हुतोय व्हय? ह्या चारींत बोल्ट जानार. ह्यातनं त्याल गळनार. हे येगळ्या मशिनीवर, येगळ्या दिवशी. आधी इचारायचं, ह्ये भोक कशापायी? मग मोजायचं.”

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहिलं. अशी किती तरी. आत गेलेला कोपरा गोल असेल तर तो मिलिंगच्या फिरत्या हत्यारानं होतो, काटकोनी असेल तर रंधा, म्हणजे पुढंमागं कापणारं मशिन, लागतो. खाच टोकाला उघडी आहे की दोन्हीकडून बंद, हे आधी बघायचं. खडबडीत भागावरची कुठली बाजू पहिली कापायची, म्हणजे बाकीच्या तिच्यावरून मोजता येतील. पुस्तकात हे नव्हतं असं नाही. पण पुस्तकातून ते मला कधी दिसलं नव्हतं. आठ महिन्यांत वहीची त्र्याऐंशी पानं भरली. जवळजवळ सगळी मामाची होती, वरती नाव मात्र माझं. पाहुणे आले की वर्क्स मॅनेजर ती वही त्यांना दाखवत आणि माझ्या पाठीवर थाप मारत. मामा लांबून बघायचा आणि खूष व्हायचा. त्याला त्यात काही गैर दिसत नसे. मलाही दिसलं नाही.

आता त्या शनिवारचं सांगतो.

बेअरिंग बसतं ते बिडाचं घर, म्हणजे हाउसिंग, मेजावर होतं. गोल, पातळ कडेचं, वजनाला चांगलं जड. त्याच्या एका अंगाला अंगठ्याएवढ्या जाडीचा एक पुढं आलेला तुकडा होता. ड्रॉइंगवर तो कुठंच नव्हता.

“हे काय?” मी विचारलं.

“कान हाय. आमीच घातलाय, पॅटर्नवाल्याला सांगून. जॉब लेथच्या तबकडीवर बांदायचा तर धरायला काय तरी पायजे का नको? कड पातळ हाय, तिला क्लँप दिला तर निसाटतंय. समदं कापून झालं की शेवटाला कान बी कापून टाकायचा. म्हून कागदावर न्हाई.” मग आखणी खाली ठेवून तो म्हणाला, “सायेब, ह्ये तेवढं ल्हून ठेवा. मुंबईच्या मशिनीला कान दिसायचा न्हाई. तिला निस्तं झाल्यालं दिसतंय. करताना काय लागतंय ते दिसत न्हाई.”

मी मान डोलावली. हातात पेन्सिल होती आणि ती कागदावर फिरतही होती. मी आधीच्या भागाचा आकडा गिरवत होतो. साडेपाचची सांगलीची एस.टी. गाठायची होती. नऊ चौकोनांत ‘धरायचं कुठं’ असा चौकोन नव्हता. सोमवारी शेऱ्यात कुठं तरी लिहू म्हटलं. मामानं पेन्सिल फिरताना बघितली आणि समाधानानं पुढची रेघ मारली. मी काय लिहितोय ते त्याला मेजापलीकडून दिसत नव्हतं, आणि विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

सोमवारी मी लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी कामाचा दुसरा टप्पा आला. जिथं ओतीव भागावर ड्रॉइंगपेक्षा जादा बीड असेल तिथं यादी करायची आणि पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, दुरुस्त करून घ्यायचे. बचत किती किलो, ते दर महिन्याला वर कळवायचं. यादी करताना हाउसिंगचा कान समोर आला. त्या वेळी मला मामाचं बोलणं आठवलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. पुसट आठवलं होतं. काही तरी धरण्याबिरण्याचं बोलला होता, एवढं आठवलं. खाली जाऊन विचारायला पाच मिनिटं लागली असती. पण विचारलं असतं तर यादीतली सगळ्यांत मोठी बचत गेली असती, आणि यादी त्याच दिवशी द्यायची होती. मी ‘अनावश्यक’ लिहून सही केली.

मुंबईच्या नव्या कागदांनी आणखी एक गोष्ट केली होती. गोल भागांना आखणीची गरज नाही, ते थेट लेथवर जावेत. त्यामुळं कान नसलेली हाउसिंगं मामाच्या मेजावर आलीच नाहीत. तो शॉपच्या दुसऱ्या टोकाला पंपांच्या बैठका आखत बसलेला.

१९७६ चा श्रावण. पहिला माल गुंडाच्या लेथवर आला. कान नाही हे बघून तो फोरमनला म्हणाला, “सयाजीतात्या, ह्येला धरू कुठं?” सयाजीनं त्याला छापील कागद दाखवला. खाली माझी सही होती. कागद वरून आलाय म्हटल्यावर आणि आणीबाणीत भिंतीभिंतीवर शिस्तीच्या पाट्या लागलेल्या असताना कोण काय बोलणार? गुंडानं नंतर मला सांगितलं, की त्याला वाटलं, मामा सायबांच्या जवळ बसून समदं सांगतोय, धोक्याचं आसतं तर मामा बोलला असता. त्यानं पातळ कडेला क्लँप दिले. दुसऱ्या खोल कापाला जॉब तबकडीवरून सुटला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

मामा धावत आला तेव्हा मी जिन्यावर होतो. त्यानं आधी गुंडाचा हात आपल्या टोपीत गुंडाळला. गाडी गेल्यावर त्यानं खाली पडलेलं हाउसिंग उचललं, फिरवलं, आणि जिथं कान असायचा त्या जागेवर अंगठा फिरवत राहिला. मग जिन्याकडं बघितलं. मी मागं सरलो.

चौकशी चौथ्या दिवशी झाली. वर्क्स मॅनेजर, सयाजी, मुंबईचा एक सल्लागार, मी, आणि दाराशी उभा मामा. मॅनेजरनी सरळच विचारलं, “या कानाचं कारण मार्करला ठाऊक होतं. आकाराम म्हणतो, त्यानं तुम्हाला सांगितलं होतं. चौगुले, सांगितलं होतं का?”

मी म्हणालो, “नाही.”

एवढंच. त्या एका शब्दावर मी पुढची नोकरी केली.

“मी सांगितलं हुतं,” मामा म्हणाला. “शनवारी. सायेब लिवत हुते.”

मॅनेजरनी वही मागवली आणि पानं चाळली. मामानं सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी तारखेसकट होत्या. पाहुण्या भोकाचं होतं, कोपऱ्याचं होतं, रंध्याचं होतं. कानाचं नव्हतं. माझा नीटनेटकेपणाच त्याच्यावर उलटला. मॅनेजर म्हणाले, “आकाराम, बाकीचं सगळं लिहिलंय, मग एवढंच कसं राहिलं?” आणि सल्लागार चष्मा पुसत इंग्रजीत म्हणाला, की जुने कारागीर नव्या पद्धतीला घाबरतात आणि एखादी गोष्ट हातची राखून ठेवतात; असं सगळीकडं होतं. मामाला इंग्रजी कळत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याला सांगीन म्हणून. मी वहीकडं बघत होतो.

मामाला लेखी ताकीद मिळाली. मेज काढून घेऊन त्याला फाउंड्रीत ओतीव भागांच्या कडा घासायला बसवलं. तो तिथं एक दिवस बसला आणि दुसऱ्या दिवशी हिशेब मागून गावी गेला. मला पुढच्याच महिन्यात मुंबईला शिक्षणाला पाठवलं. परत आलो तो खात्याचा उपप्रमुख होऊन.

नोकरी गेल्याचं मामानं मनाला लावून घेतलं नसावं. त्याला लागली ती दुसरीच गोष्ट. ‘हातचं राखलं’ हा शब्द कारखान्यातून गावापर्यंत पोचला. कवठे महांकाळ बाजूची पाच-सहा पोरं आमच्याकडं कामाला होती, त्यांनी तो नेला. आकारामानं मशिनीवरच्या रागापायी सांगायचं ते सांगितलं नाही आणि बहिणीच्या लेकराची बोटं घालवली, अशी ती गोष्ट झाली. साळूबाईनं भावाला दारात उभं करून विचारलं, “तुला ठावं हुतं का?” तो म्हणाला, “व्हय.” “मग सांगितलं का न्हाईस?” “सांगितलं हुतं, सायबास्नी.” “सायबाच्या वहीत तर न्हाई म्हनं.” तिनं दार लावून घेतलं. हे मला गुंडानंच सांगितलं, अगदी सहज. त्यानंही मामाला मामा म्हणणं सोडलं होतं. ‘आकाराम खोत’ म्हणायचा, परक्याचं नाव घ्यावं तसं.

गुंडाला मी टूल स्टोअरमध्ये घेतला. त्यासाठी मॅनेजरांकडं तीन वेळा गेलो. डाव्या हातानं लिहायला शिकवलं. त्याचं लग्न जमवताना मुलीकडच्यांशी बोललो. लोक म्हणायचे, चौगुले साहेबांचं काळीज मोठं. मी ऐकून घ्यायचो. साळूबाई दर सुगीला माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी पाठवायची. शेंगा मी शेजाऱ्यांना वाटून टाकत असे.

१९७८ च्या दिवाळीच्या आधी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर कुणा शाळामास्तराचं, बोलणं मामाचं. ‘साहेबांस आकाराम खोताचा रामराम. दोन भाऊबिजा झाल्या, साळूनं मला ओवाळलं नाही. नोकरीचं काही म्हणणं नाही. तुम्ही विसरला असाल तर विसरला असाल, माणूस विसरतो. पण मी सांगितलं होतं एवढं तिला तुमच्या तोंडानं येऊन सांगा. दुसरं काही नको.’

विसरला असाल. त्यानं माझ्यासाठी पळवाटसुद्धा स्वतःच करून ठेवली होती.

भाऊबिजेला घरी येतो, असं मी गुंडाला सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळी सांगलीहून एस.टी. धरली. बहीण त्रिशला म्हणाली, संध्याकाळी तरी ये, ताट करून ठेवते. कवठे महांकाळला उतरून पुढच्या गाडीनं त्याच्या गावच्या फाट्यावर पोचलो. मामा फाट्यावरच होता, वडाखाली, दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून. खूप वाळला होता. मला बघून उठून उभा राहिला.

“आलासा,” म्हणाला. “मला वाटलं हुतं, याल.”

मी त्याला काही तरी म्हणायला पाहिजे होतं. “मामा, माझं चुकलं,” एवढं म्हणालो.

“ते जाऊ द्या. मला सांगून काय उपेग? मी सांगितलं हुतं ते मला ठावंच हाय. तिला सांगा.” त्यानं ओढ्यापलीकडची वस्ती दाखवली. “मी हितंच बसतो. तुमचं झालं की मग जाईन.”

ओढा ओलांडून दहा मिनिटांवर घर. गुंडा दिवाळीला आलेला होता. अंगणातच भेटला आणि आनंदानं ओरडून आईला हाक मारली. साळूबाई बाहेर आली ती पदरानं डोळे पुसतच. मी काही बोलायच्या आत तिनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. म्हणाली, “तुमी जैन, तुमास्नी कांदा-लसून चालत न्हाई. गुंडा सांगत हुता. मी येगळ्या चुलीवर केलंय, न खाता जाऊ नका.”

“साळूबाई, मला एक सांगायचंय,” मी म्हणालो.

“सांगा की. पर आदी पाटावर बसा.”

“ते त्या अपघाताचं…”

“आज सनाचं त्ये नको, सायेब. झालं त्ये झालं.” तिनं आतून ताट आणलं. ताटात निरांजन होतं, सुपारी होती, कुंकू होतं. मला कळायला वेळ लागला. “मला आता भाऊ न्हाई,” ती म्हणाली. “ज्यानं माज्या लेकराचा हात खाल्ला त्येला मी भाऊ म्हनत न्हाई. परक्या जातीचं असून तुमी त्येला उभं केलंसा. मी मनानं कवाच तुमास्नी भाऊ मानलंय. बसा.”

गुंडानं पाट सरकवला, उरल्या दोन बोटांनी. मी बसलो. आत्ताच सांग, मी मनाशी म्हणत होतो, कुंकू लागायच्या आत सांग. तिनं टिळा लावला. अक्षता लावल्या. सुपारी फिरवली. निरांजन ओवाळताना ती माझ्याकडं ज्या डोळ्यांनी बघत होती, तसं माझ्याकडं आजवर कुणी बघितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते डोळे फिरले असते. गुंडा परवा कामावर येऊन सगळ्यांना बोलला असता. पाटी गेली असती, खातं गेलं असतं. हे सगळं मी निरांजनाच्या तेवढ्या तीन फेऱ्यांत मोजलं. मी भित्रा माणूस आहे. ताटात ओवाळणी टाकली, जेवलो, पोळी दोनदा वाढून घेतली आणि निघालो.

मामा वडाखालून उठून ओढ्यापर्यंत आला होता. त्याची नजर थेट माझ्या कपाळावर गेली. ओलं कुंकू होतं, अक्षता चिकटलेल्या होत्या.

“तिनं ओवाळलं तुमास्नी,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. “म्हंजी पटलं तिला. सांगितलंसा?”

नाही म्हणायला मला एकदा जमलं होतं, त्या चौकशीत. इथंही तोच शब्द हवा होता, आणि इथं तो खरा होता.

“हो,” मी म्हणालो.

त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, “लय उपकार झालं, सायेब.” मग ओढ्यात उतरून पाय धुतले, तोंड धुतलं, टोपी झटकून नीट बसवली. पटक्याच्या फडक्यात बांधलेला एक खण त्यानं ओढ्याकाठच्या झाडाच्या बेचक्यातून काढला; तिच्यासाठी आणून ठेवला असणार. तो काखेत धरून वस्तीकडं चालायला लागला. चढावर एकदा वळून त्यानं मला हात केला.

साळूबाईच्या दारापर्यंत दहा मिनिटांची वाट होती. माझी एस.टी. यायला अजून पाऊण तास होता. मी त्याला हाक मारली नाही.